बोगद्याचं काम शिकायला परदेशात जाताना: मराठवाड्यातल्या इंजिनिअरसाठी सविस्तर मार्गदर्शन

मराठवाड्यात जलविद्युत अगदीच नाही असं नाही. येलदरीला २२.५ मेगावॉटचं वीजगृह आहे आणि पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचा, पाणी परत वर चढवू शकणारा संच आहे. पण ही दोन्ही धरणाच्या पायथ्याची कामं आहेत. डोंगर फोडून किलोमीटरच्या किलोमीटर दाबाचं पाणी नेण्याचा प्रश्न तिथे येत नाही. त्यामुळे नांदेडहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून सिव्हिल करून निघालेला इंजिनिअर बोगद्यात पहिल्यांदा उतरतो तो हिमाचलात, जम्मूत, अरुणाचलात नाही तर भूतानमध्ये. आता काम थोडं जवळ येऊ लागलंय. कृष्णा-मराठवाडा योजनेसाठी नीरा-भीमा जोडबोगद्यासारखी कामं निघाली आणि सह्याद्रीत पंप्ड स्टोरेजचे (पाणी वर चढवून साठवायचे आणि गरजेला त्यातून वीज करायचे) प्रकल्प उभे राहताहेत. तेव्हा परदेशी प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी आधी नीट हिशेब मांडावा. हा लेख त्या हिशेबासाठी आहे.

तिथे काय मिळतं आणि काय मिळत नाही

थिअरी मिळवायला परदेशात जायची गरज नाही. खडकाचं वर्गीकरण आपल्या आयएस (भारतीय मानक) १३३६५ मध्ये आहे, पाणी वाहून नेणाऱ्या बोगद्याचं डिझाइन आयएस ४८८० मध्ये आणि बांधकाम आयएस ५८७८ मध्ये आहे. ही तिन्ही संहितापत्रं न वाचता जो विमानात बसतो त्याचा पहिला आठवडा वाया जातो.

तिथे मिळतात त्या तीन गोष्टी. पहिली, फेससमोर (बोगद्याच्या पुढच्या, फोडायच्या भिंतीसमोर) उभं राहून तासाभरात निर्णय घ्यायची सवय. दुसरी, शॉटक्रीट (हवेच्या दाबानं भिंतीवर मारायचं काँक्रीट) आणि ग्राउटिंगचा (खडकाच्या भेगांत दाबानं सिमेंट भरण्याचा) हात. हा वाचून येत नाही, नोझल धरूनच येतो. तिसरी, करारात खडकाची जोखीम कुणी घ्यायची हे आधीच लिहून ठेवण्याची पद्धत. फिडिक (सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि आंतरराष्ट्रीय टनेलिंग संघटनेनं २०१९ मध्ये भूमिगत कामांसाठी काढलेलं एमराल्ड बुक याच कल्पनेवर उभं आहे. खडक कसा निघेल याचं एक आधारपत्र निविदेसोबतच द्यायचं. प्रत्यक्ष खडक त्यापेक्षा वाईट निघाला तर वाढीव खर्च मालकाचा, त्या मर्यादेत निघाला तर ठेकेदाराचा. आपल्याकडे हा वाद बोगदा संपल्यावर लवादापुढे सुरू होतो.

तिथली रेसिपी मात्र जशीच्या तशी इथे लागू होत नाही. नॉर्वेचा ग्रॅनाइट-नाइस वेगळा, हिमालयातला चुरा झालेला शीस्ट वेगळा आणि दख्खनचा थरावर थर बसलेला बेसॉल्ट वेगळा.

जाण्याआधीचे तीन महिने

सगळ्यात जास्त फायदा इथेच ठरतो आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. कोर्सला जाताना स्वतःच्या साइटचा डेटा सोबत हवा. डेटा नसेल तर तिथले लोक त्यांचीच उदाहरणं दाखवतात आणि तुम्ही फोटो काढून परत येता.

पुढची चार मोजमापं करून ठेवा.

ओव्हरब्रेक (ठरल्यापेक्षा जादा फुटणं): लागोपाठ २० ब्लास्टनंतर टोटल स्टेशननं प्रोफाइल घ्या. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या, सुमारे ६ मीटर रुंदीच्या बोगद्यात इन्व्हर्ट (तळ) सोडून परीघ साधारण १५ मीटर भरतो. सरासरी १५ सेंटिमीटर जादा फुटलं तर दर मीटरला २.२५ घनमीटर जादा काँक्रीट लागतं आणि किलोमीटरला २,२५० घनमीटर. त्याला तुमच्या बिलातला दर लावा. तो आकडा कार्यकारी अभियंत्यासमोर ठेवला की प्रशिक्षणाच्या खर्चाची फाइल लवकर हलते.

रिबाउंड (भिंतीला न चिकटता खाली पडणारं शॉटक्रीट): फेसजवळ ताडपत्री अंथरा, मोजलेली एक बॅच मारा, खाली पडलेला माल वजन करा. वेट मिक्समध्ये (आधीच पाणी घालून कालवलेल्या मालात) रिबाउंड १० टक्क्यांच्या आत यायला हवा. २० च्या वर गेला तर मिक्स, नोझल किंवा नोझलवाला यांपैकी कुठेतरी गडबड आहे.

सायकल टाइम: ड्रिलिंग, चार्जिंग, धूर काढणं, मकिंग (फुटलेला माल बाहेर नेणं), लूज (सुटलेले दगड) काढणं, शॉटक्रीट, बोल्ट (खडकात बसवायच्या सळ्या). प्रत्येकाची मिनिटं वेगवेगळी लिहा. ‘वाट पाहणे’ हा रकाना स्वतंत्र ठेवा. तोच सगळ्यात मोठा निघतो.

पाणी आणि खडक: प्रत्येक फेसचा नकाशा, फोटो आणि झऱ्याची जागा.

या चारांतून तीन प्रश्न तयार करा, प्रत्येकी एका वाक्यात. ‘बोगद्याविषयी शिकायचंय’ हा प्रश्न नाही. ‘फ्लोच्या (लाव्हाच्या थरांच्या) सांध्यावर आलो की क्राउनमधून (छतातून) तुकडे पडतात, बोल्ट आधी मारावेत की शॉटक्रीट?’ हा प्रश्न आहे.

कुठे जावं

तुमच्या प्रश्नानुसार देश निवडा, ब्रोशर बघून निवडू नका.

दाबाचे बोगदे, भूमिगत वीजगृह, लेक टॅपिंग (भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून बोगदा फोडणं) यांसाठी नॉर्वे. ट्रॉन्डहाइमच्या एनटीएनयूमध्ये जलविद्युत विकासाचा दोन वर्षांचा एमएससी इंग्रजीत आहे. पूर्वी फी नसायची, २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना ती भरावी लागते. जुन्या ब्लॉगांवर विसंबू नका. आपल्या कोयनेचं लेक टॅपिंग, १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ चं, नॉर्वेत रुळलेल्या याच तंत्रानं झालं. जाण्याआधी कोयनेला एक चक्कर मारून या. तिथे पाहिलेलं ट्रॉन्डहाइमला नीट कळतं.

दबणाऱ्या, सरकणाऱ्या खडकासाठी ऑस्ट्रिया. ग्राझ आणि लिओबेनची विद्यापीठं मिळून एनएटीएमचा (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथडचा) पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात आणि आयझेनएर्त्सजवळ लोहखनिजाच्या डोंगरात ‘झेंट्रुम आम बेर्ग’ हे खऱ्या बोगद्यातलं प्रशिक्षण केंद्र आहे. हिमालयात काम करणाऱ्यांनी इकडे बघावं.

शॉटक्रीटसाठी स्वित्झर्लंडमधली हागरबाखची चाचणी गॅलरी. टीबीएमसाठी (बोगदा खणणाऱ्या यंत्रासाठी) ट्युरिनच्या पॉलिटेक्निकचा बोगदे आणि टीबीएमवरचा मास्टर्स किंवा जर्मनीत श्वानाऊला यंत्र बनवणाऱ्याच्या कारखान्यातलं प्रशिक्षण. कारखान्यातलं प्रशिक्षण यंत्राच्या खरेदी-करारातच लिहून घ्यायचं, नंतर मागितलं तर वेगळं बिल येतं. इंग्लंडमध्ये वॉरविकला टनेलिंगचा एमएससी आहे, अमेरिकेत कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये भूमिगत बांधकामाचा.

जपानचा मार्ग वेगळा आहे. जायकाच्या (जपान सरकारच्या सहकार्य संस्थेच्या) अभ्यासक्रमांना वैयक्तिक अर्ज चालत नाही, शासनाकडून नामांकन लागतं. जलसंपदा किंवा ऊर्जा खात्यात असाल तर आपल्या विभागाकडे परिपत्रक कधी येतं याची चौकशी आधीच करून ठेवा. घाटघरचा २५० मेगावॉटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प जपानी कर्जातून झाला. त्यामुळे ही वाट महाराष्ट्राला अनोळखी नाही.

भूतानला परदेश म्हणून कुणी मोजत नाही, पण हिमालयातला बोगदा शिकायला त्याच्याइतकी स्वस्त शाळा नाही. व्हिसा लागत नाही. टाला आणि मांगदेछूची कामं आता संपली आहेत, पण पुनात्सांगछूसारख्या प्रकल्पावर दोन वर्षं शिफ्ट इंजिनिअर म्हणून काढणं हे युरोपातल्या दोन आठवड्यांपेक्षा जड भरतं, हे आमचं स्पष्ट मत.

कागद आणि पैसा

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सारथीची परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप या पूर्णवेळ पदव्युत्तर किंवा पीएचडीसाठी आहेत. दोन-तीन आठवड्यांच्या कोर्सला यातून पैसे मिळत नाहीत, तिथे कंपनी, महामंडळ किंवा स्वतःचा खिसा. वयाची, उत्पन्नाची, विद्यापीठाच्या क्रमवारीची अट दरवर्षीच्या जाहिरातीत वाचा.

सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत, रजेचा प्रकार आणि सेवाबंध या तीन गोष्टी लेखी घ्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी तर करावाच लागतो आणि ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. विद्यार्थी म्हणून दोन वर्षं जाणाऱ्याला निवास परवाना वेगळा काढावा लागतो.

फेसवर: एकाच खडकाला दोन नंबर

खडकाच्या दर्जाला नंबर देणारी नॉर्वेची क्यू पद्धत बार्टन, लीन आणि लुंडे यांनी १९७४ मध्ये मांडली. सूत्र सोपं आहे. आरक्यूडीला (ड्रिलनं काढलेल्या नमुन्यातल्या अखंड तुकड्यांच्या टक्केवारीला) सांध्यांच्या संचांच्या अंकानं भागा, सांध्याच्या खडबडीतपणाला त्यातल्या भरावाच्या अंकानं भागा, पाण्याच्या अंकाला ताणाच्या अंकानं भागा आणि तिन्ही गुणा. चूक सूत्रात होत नाही, नजरेत होते.

समजा ८ मीटर रुंदीचा बोगदा आहे, घट्ट काळा पाषाण, आरक्यूडी ८०, सांध्यांचे तीन संच म्हणजे अंक ९, भराव नाही, पाणी नाही, ताण मध्यम. सांधा खडबडीत आणि वळणदार दिसला म्हणून एकानं खडबडीतपणाला ३ दिले. क्यू आला २६.७. दुसऱ्यानं हात फिरवला, सांधा गुळगुळीत आणि सरळ वाटला, त्यानं १ दिला. क्यू आला ८.९. आधाराशिवाय किती रुंदी उभी राहील याचं सूत्र आहे दोन गुणिले ईएसआर (बोगद्याच्या वापरानुसारचा सुरक्षा-अंक) गुणिले क्यूचा ०.४ घात. पाण्याच्या बोगद्याला ईएसआर १.६ धरतात. पहिल्याच्या हिशेबानं ११.९ मीटर, दुसऱ्याच्या हिशेबानं ७.७ मीटर. म्हणजे एक म्हणतो आधार नको, दुसरा म्हणतो बोल्ट मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. फेस तोच, तारीख तीच. नंबर देताना लांबून बॅटरी मारून चालत नाही. लूज काढून झाल्यावर सांध्यावर प्रोफाइल-कंगवा किंवा पट्टी लावावी लागते.

परदेशी प्रशिक्षणात हेच करून घेतात. दहा-बारा जण एकाच भिंतीसमोर, प्रत्येकानं स्वतंत्रपणे नंबर द्यायचा, मग फळ्यावर फरक लिहायचा. हा सराव तिथे न चुकता करा, कारण नंतर तोच तुम्हाला इथे घ्यायचा आहे.

आता लाल गेरूचा थर घ्या. मराठवाड्यात विहीर खणलेल्या कुणालाही माहीत आहे की काळ्या पाषाणातून गेरूवर आलं की झरा लागतो आणि बांधलं नाही तर बाजू ढासळते. बोगद्यातही तेच होतं, फक्त डोक्यावर. आरक्यूडी २०, संच ९, खडबडीतपणा १, मऊ पडणारी माती म्हणून भराव ८, मध्यम पाणी ०.६६, माती भरलेला कमकुवत पट्टा म्हणून ताण २.५. क्यू येतो सुमारे ०.०७, म्हणजे अत्यंत वाईट. युरोपातल्या प्रशिक्षकाला हा थर सहसा पाहून माहीत नसतो. त्याला नमुना दाखवा, पाण्यात टाकून विरघळताना दाखवा. गेरू आणि काचेसारखा टॅकिलिटिक बेसॉल्ट उघडा पडला की हवेनं आणि पाण्यानं सुटत जातो. म्हणून त्याच शिफ्टमध्ये ५ सेंटिमीटरचा तरी थर मारून झाकायचा, बाकी आधार नंतर.

शॉटक्रीटचा हात

वेट मिक्सचा साधारण मेळ असा: सिमेंट ४५० किलो प्रति घनमीटर, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० ते ०.४५, स्लंप (मालाच्या पातळपणाचं माप) १८० ते २२० मिलिमीटर, स्टील फायबर ३५ ते ४० किलो, अल्कलीमुक्त ॲक्सिलरेटर सिमेंटच्या ५ ते ८ टक्के. नोझल भिंतीला काटकोनात, अंतर दीड ते दोन मीटर. मारायचं खालून वर, नाही तर पडलेला रिबाउंड खालच्या थराखाली गाडला जातो आणि तिथे पोकळी राहते. क्राउनला एका वेळी ५ ते ७ सेंटिमीटर.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे माल चिकटत नाही म्हणून नोझलवाला ॲक्सिलरेटर वाढवतो. १० टक्क्यांच्या पुढे गेला की माल चिकटतो, पण २८ दिवसांची ताकद उतरते. खरं कारण बहुधा भिंतीवरचं वाहतं पाणी असतं किंवा धूळ. आधी ड्रेन पाइप मारून पाणी एका जागी काढायचं, हवा-पाण्यानं भिंत धुवायची, मग मारायचं.

ताज्या शॉटक्रीटखाली कुणी कधी जायचं? उत्तर ‘सेट झालं वाटतं तेव्हा’ असं नाही. सुई टोचून मोजणारा पेनिट्रोमीटर १ मेगापास्कल दाखवेपर्यंत कुणी जायचं नाही. २ ते १६ मेगापास्कलपर्यंत खिळा ठोकून ओढायची पद्धत आणि त्यानंतर कोअर (कापून काढलेला नमुना). हा पेनिट्रोमीटर हातात मावणारा आहे, त्याची किंमत विचारून बघा आणि मग साइटवर तो का नाही याचं उत्तर शोधा.

इंजिनिअरबरोबर एक चांगला नोझलमन किंवा फोरमन पाठवा. एफनार्क या युरोपीय संघटनेच्या योजनेत नोझलमनला स्वतःचं प्रमाणपत्र मिळतं. नोझल त्याच्या हातात असते. इंजिनिअर एकटाच शिकून आला तर तो नुसता सांगत बसतो.

पाणी: आधी ड्रिल, मग ब्लास्ट

फेसच्या पुढे २४ ते ३० मीटर प्रोब होल (तपासणीचं छिद्र) मारायचं, मागच्याशी ६ ते ८ मीटरचा ओव्हरलॅप ठेवायचा, पाणी मोजायचं आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आलं तर फोडण्याआधीच ग्राउट करायचं. पाणी फुटल्यावर ग्राउट करणं म्हणजे वाहत्या नाल्यात सिमेंट ओतणं. टीबीएम असेल तर प्रोबची गरज संपते असं समजू नका. उत्तराखंडच्या तपोवन विष्णुगाड प्रकल्पात टीबीएम पाणी फुटल्यानं अडकलं होतं. आपल्या शेजारच्या तेलंगणात २२ फेब्रुवारी २०२५ ला एसएलबीसी बोगद्यात छत कोसळलं आणि ८ जण आत अडकले. तिथेही टीबीएमच होतं.

अस्तराशिवाय दाबाचा बोगदा ही नॉर्वेची खासियत. पैसा खूप वाचतो म्हणून परतलेला प्रत्येक जण एकदा तरी ही कल्पना मांडतो. नियम असा की बोगद्यापासून डोंगराच्या उतारापर्यंतचं सर्वांत कमी अंतर, गुणिले खडकाची घनता, गुणिले उताराच्या कोनाची कोसाइन, हे पाण्याच्या दाबाच्या किमान १.३ पट हवं. दाब ४०० मीटर, बेसॉल्टची घनता २.८, उतार ४० अंश धरा. अंतर येतं सुमारे २४२ मीटर. कागदावर हे सह्याद्रीत सहज बसतं. पण हा नियम फक्त ताण पाहतो. बेसॉल्टचे फ्लो आडवे असतात आणि त्यांचे सांधे थेट घाटाच्या कड्यावर उघडतात. दाबाचं पाणी त्या सांध्यातून आडवं पळतं. त्यामुळे हायड्रोजॅकिंगची (पाण्याच्या दाबानं सांधा उघडतो का याची) चाचणी प्रत्यक्ष सांध्यावर घेतल्याशिवाय अस्तर काढून टाकण्याची शिफारस करू नका.

शाफ्टच्या (बोगद्यात उतरायच्या उभ्या विहिरीच्या) बाबतीत एकच सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदापूर तालुक्यात अकोले इथे बोगद्याच्या शाफ्टमधून कामगारांना वर आणताना क्रेनचा दोर तुटून ८ जण गेले. परदेशी साइटवर माणसं नेणारं यंत्र मालवाहू यंत्रापासून वेगळं कसं ठेवतात, दोराची तपासणी कोण करतं, वहीत सही कुणाची असते, हे लिहून घ्या. तो फॉर्म जसाच्या तसा आणा. रेसिपी आणू नका म्हटलं त्याला हा अपवाद.

परत आल्यावर

पहिला अडसर हवा. युरोपातलं मिक्स १०-२० अंशांत बसवलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांत बॅचिंग प्लँटपासून पोर्टलपर्यंत (बोगद्याच्या तोंडापर्यंत) येतानाच स्लंप गळतो. मग ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाणी ओतलं जातं आणि गुणोत्तर ०.४५ वरून कुठल्या कुठे जातं. खडी सावलीत ठेवा, तिच्यावर पाणी मारा, मिक्समध्ये थंड पाणी किंवा बर्फ वापरा, हायड्रेशन रोखणारं ॲडमिक्श्चर घ्या, शक्यतो रात्री बॅच करा. आधी बाहेर ट्रायल पॅनल मारून तुमच्या सिमेंटबरोबर ॲक्सिलरेटर जुळतं का ते बघा, कारण ब्रँड बदलला की सेट होण्याची वेळ बदलते.

दुसरा अडसर बदली. प्रशिक्षण घेऊन आलेला माणूस महिन्याभरात कालव्याच्या उपविभागात गेलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. सेवाबंधाच्या कागदावर ‘बोगद्याच्या कामावरच किमान दोन वर्षं’ ही अट जाण्याआधीच घालून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही.

तिसरा भाषेचा. फेसवरची पोरं झारखंड, ओडिशा, बिहारची. इंग्रजी चेकलिस्ट भिंतीला लावून उपयोग नाही. एका पानावर हिंदीत, चित्रांसह आणि शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं तोंडी.

कन्व्हर्जन्सचं (बोगद्याच्या भिंती आत सरकण्याचं) शून्य वाचन फेस पुढे सरकण्याआधी घ्यायचं, हे पहिल्या आठवड्यातच लागू करा. त्याला जादा पैसा लागत नाही. दोन ब्लास्टनंतर टार्गेट बसवलं तर आधी झालेली हालचाल कायमची निसटते आणि आलेख खोटा धीर देतो.

बाकीच्या बदलांना घाई नको. सहा महिन्यांनी जाण्याआधीची तीच चार मोजमापं पुन्हा घ्या, त्याच पद्धतीनं, जमलं तर त्याच माणसांकडून. आणि क्यूचा सामूहिक सराव दर महिन्याला एकदा: सगळे शिफ्ट इंजिनिअर आणि भूगर्भशास्त्रज्ञ एकाच फेससमोर, नंबर कागदावर, एकमेकांचं न बघता. फरक तिपटीपेक्षा जास्त निघाला तर त्या दिवशीचा आधार कमी नंबरच्या माणसाच्या हिशेबानं मारायचा आणि वाद दुसऱ्या दिवशी कार्यालयात घालायचा.